चटका म्हणेल तो चहा करेल

३ मार्च

ती. अक्कास,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कसलं, असं तू म्हणशील. फोनवर तू 'बरं आहे' म्हणतेस आणि लगेच माझ्या बॉयलरची चौकशी करतेस. उभा जन्म लाँड्रीत गेला माझा. वाफ कुठे गळतेय ते मी शेजारच्या खोलीत बसून सांगतो. तुझ्या 'बरं आहे' मधून वाफ गळतेय, अक्का. कागदावर तरी खरं लिही.

ठकीनं मला सगळं कळवलंय. तुझी लेक असूनही ती काही लपवत नाही. कॅन्सरच्या जुन्या ऑपरेशनच्या व्रणावर पुन्हा गाठी आल्यात. त्या जागेला मागे एकदा किरणं देऊन झालीत, म्हणून या वेळी किरणं बेतानं, आणि जोडीला शेक. शेकाचं वाचून मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, चला, आपल्या ओळखीचं काहीतरी निघालं. मग आकडा वाचला. बेचाळीस अंश. अगं, त्याहून गरम पाण्यात मी लोकांचे पायमोजे भिजवतो.

म्हणून तुझ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई गोड बोलतात. गाठी जातील का विचारलं, तर कदाचित. अंगातली ताकद शेकानं जागी होते म्हणतात ते खरं का, तर कदाचित. किती दिवसांत कळेल, तर तेही माणसागणिक वेगळं. मी त्यांचं नाव कदाचितबाई ठेवलंय. आमच्याकडे गिऱ्हाइकानं विचारलं, डाग जाईल का, तर मी हो म्हणतो नाहीतर नाही म्हणतो. कदाचित म्हणत बसलो असतो तर आजही हातगाडीवरच इस्त्री करत असतो.

इकडे नव्या इस्त्रीवाल्यानं काल कॉलर दाबताना बोटं भाजून घेतली आणि मोठ्यांदा ओरडला. नियमाप्रमाणे सगळ्यांचा चहा त्याच्याकडे लागला. तू घातलेला नियम, चटका म्हणेल तो चहा करेल. पठ्ठ्यानं असा चहा केला की पिणाऱ्यांनाच चटका बसला. त्यावरून तुझा विषय निघाला. एवढी वर्षं इथे इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहिलीस, पण तुझ्या हातचा चहा लाँड्रीत कुणी प्यायलेला नाही. तेव्हा तिथेही घराण्याची लाज राख. त्या कोमट मशिनीपुढे हूं की चूं करू नकोस, नाहीतर अख्ख्या इस्पितळाला चहा करत बसशील.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर धाड.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुला खरं हवंय ना, मग घे. मला या सगळ्याचा कंटाळा आलाय.

सकाळी ठकी मला इस्पितळाच्या दारात सोडते आणि तिच्या नकाशांच्या ऑफिसात पळते. मग मी पाठीला टोचणाऱ्या खुर्चीत बसते. आधी किरणं होतात, ती पापणी लवते न लवते तोच संपतात. शेकाच्या दिवशी लगेच पुढच्या खोलीत जायचं, कारण किरणांच्या पाठोपाठ शेक बसला तर गुण, उशीर झाला तर वाया. मागे एका खेपेला मी टेबलावर चढले, तारा लावून झाल्या आणि मशीनच बसली. दोन तरणे येऊन तिला थोपटून गेले. शेवटी मला घरी जा म्हणाले. किरणं तेवढी गेली अंगात, जोडीदाराविना. त्याबद्दल विचारलं तर पुढच्या वेळी बघू म्हणतात. माझ्यापुढे पुढच्या वेळा काय पोत्यानं पडल्यात का?

शेक म्हणजे काय ते ऐक. उताणं झोपायचं. व्रणावर केसाएवढ्या बारीक तारा चिकटवतात, त्या तापमान सांगतात. वर पाण्याची लिबलिबीत पिशवी आणि त्यावर चपटी पेटी. ऊब पेटीतून येते आणि पाणी कातडी सांभाळतं. मग तासभर हलायचं नाही. मशिनीवरच्या माणसाला मी पाणक्या म्हणते, सारखा ती पिशवी उचलून ठेवत असतो बिचारा. दर थोड्या वेळानं विचारतो, आजी, कुठे जास्त लागतंय का, लागलं तर लगेच सांगा, मी कमी करतो. मी म्हणते, बरं आहे. काल तो म्हणाला की एवढी थंड बाई त्यानं पाहिली नाही. मी म्हटलं, आमच्या घरी चहाचा नियम आहे. त्याला काही कळलं नाही.

काखेखाली जरा ओढल्यासारखं होतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नव्या इस्त्रीवाल्याला ओरडू नकोस. कॉलर आतून बाहेर दाबायला शिकव, बोटं वाचतील.

माया आहेच, ती पत्रानं मोजू नकोस.

तुझी,
अक्का

१४ मार्च

ती. मामास,
ठकीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आज मी चिडलेली आहे आणि ते लपवणार नाही. मायना नीट लिहिला, एवढ्यावर समाधान मान.

आईच्या काखेखाली फोड आलाय. साधा नाही, तळहात झाकेल एवढा. परवा शेक झाल्यावर कपडे बदलताना नर्सनं पाहिला. डॉक्टरांनी आईला विचारलं की एवढं भाजेपर्यंत तुम्ही गप्प कशा राहिलात. आई म्हणाली, आमच्यात सांगत नाहीत. मग हसत हसत पर्समधून तुझं पत्र काढून दाखवलं. घराण्याची लाज, हूं की चूं, सगळं. मामा, मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. डॉक्टरांनी ते पूर्ण वाचलं. त्यांचं तू काय नाव ठेवलंयस तेही.

आता काय झालंय ते ऐक. फोड सुकेपर्यंत शेक बंद. किरणं मात्र थांबवत नाहीत, ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपतील. तोवर फोड सुकला तर शेवटचे शेक मिळतील, नाही तर राहिले. या जागेला यापुढे किरणं देता येणार नाहीत, आणि किरणं नसली तर त्यांच्या जोडीचा शेकही नाही. म्हणजे हीच खेप. यापुढचं मी लिहीत नाही, तुला कळतं.

शेक कशासाठी ते मी डॉक्टरांकडून तीनतीनदा विचारून घेतलं, कारण तू विचारणारच. तो गाठ जाळायला नाहीच. उबेनं तिथे रक्त जास्त खेळतं आणि कमी किरणांचाही मार जोरात बसतो, देतात ते मुख्य म्हणजे यासाठी. त्यातच आणखी एक गोष्ट घडते. आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. त्यांना ही गाठ परकी वाटतच नाही. घरातलंच माणूस समजून त्या तिच्या शेजारून निघून जातात. ऊब लागली की गाठीतल्या पेशी घाबऱ्या होतात, त्यांच्यातून काही प्रथिनं बाहेर पडतात आणि राखणदारांना सुगावा लागतो. ताप आला की शरीर जागं होतं ना, तसंच काहीसं, त्या जागेपुरतं. पण प्रयोगशाळेत हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं माणसात अजून दिसलेलं नाही, असंही त्या म्हणाल्या. तुला हेही नुसतं 'कदाचित' वाटेल. मला प्रामाणिकपणा वाटला.

आणि जास्त गरम म्हणजे जास्त चांगलं, हे डोक्यातून काढ. रक्ताचा डाग उकळत्या पाण्यात टाकला की जन्माचा बसतो, हे मला लहानपणी कुणी शिकवलं?

तारा जिथे चिकटवल्यात तिथलंच तापमान सांगतात. दोन तारांमधल्या जागेची खबर देणारी आई एकटीच आहे, आणि ती लाज राखतेय.

मला आत बसू देत नाहीत. तूच काहीतरी कर, तूच केलंयस.

राग ओसरला की नेहमीसारखी,
तुझी ठकी

१८ मार्च

चि. ठकीस,
मामाचे अ. आ.

जीभ माझी सुटली आणि फोड तिला आला. याच्यापुढे मला सफाई देता येत नाही, आणि देत बसलो तर तू वाचणारही नाहीस.

दोन दिवस गिऱ्हाइकांवर खेकसतोय. एका गिऱ्हाइकानं कोटाची बाही आखूड झाली म्हणून तक्रार केली, त्याला म्हटलं हात लांब झाला असेल. तो गेला तो परत यायचा नाही. चहाचा नियम बंद केला. नवा इस्त्रीवाला तेव्हापासून माझ्याकडे असा बघतो, जणू मीच आजारी आहे. काल त्याला पुन्हा चटका बसला, तर सवयीनं स्वतःच चहाचं भांडं शोधत होता. शिकवलेलं विसरायला लावणं शिकवण्याहून अवघड निघालं.

तिला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा बरं आहे. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला, तर म्हणाली बॉयलरचं बघ. मग रागाच्या भरात पत्र लिहिलंय, सोबतच्या पाकिटात आहे. तिच्या हातात दे, आणि ती वाचेपर्यंत समोर उभी राहा, नाहीतर भाजी निवडायला घेईल.

तुझ्या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग. नावाबद्दल काही बोलल्या का? नसतील बोलल्या तर विषय काढू नकोस.

डागाचं म्हणशील तर तू मला बरोबर पकडलंस. कापडाचं मला कळतं, ते माणसाला लावायला गेलो. बेचाळीस हा आकडा मी अजून पायमोज्यांच्या बादलीतच बघतोय, काय करू.

फोडाची खबर रोज दे. दोन ओळी पुरे.

तुझा,
मामा

२२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझं रागाचं पत्र मिळालं. त्यात 'सांगायला काय जातं' हे इतक्या वेळा आलंय की ठकी मोजायला बसली होती. ती खरंच समोर उभी राहिली. तुम्ही मामा-भाची मिळून मला शाळेत घातल्यासारखं करताय.

तुझ्या थट्टेपायी मी गप्प बसले असं तुम्हा दोघांना वाटतं. मीही वाटू दिलं. ते हसण्यावारी नेता येतं. पण तू उगीच स्वतःला खात बसला आहेस असं ठकी म्हणाली, म्हणून लिहिते. ते कारण नव्हतं.

पहिल्याच दिवशी पाणक्या म्हणाला की लागलं तर सांगा, मी कमी करतो. कमी करतो हे ऐकलं आणि माझं तोंड मिटलं. कमी केला म्हणजे औषधच कमी मिळालं ना? बाकीच्या वेळी जे देतात ते दिसत नाही की कळत नाही. किरणांखाली पडलं तरी काही वाटत नाही, खोटं खोटं देतायत की काय असं वाटतं. शेक तेवढा कळतो. म्हटलं, ज्या जागी भाजतंय तिथे काहीतरी मरत असेल. जितका चटका तितका गुण. मग मी का सांगू? मी दात आवळून तो घेत होते, अधाश्यासारखी.

लोकांना वाटतं या वयाला बाई समजूतदार होते, झालं तेवढं पुष्कळ म्हणते. मी नाही झाले, धाकट्या. मला हे पुष्कळ वाटत नाही. तू तो नवा वाफेचा प्रेस आणलास, त्यावर मी अजून एक शर्टसुद्धा इस्त्री करून काढलेला नाही. ठकी रोज माझं अंथरूण घडी करते ती वाकडी करते, तिला अजून शिकवायची आहे. हे कुणाला सांगायचं? फोनवर सांगितलं असतं तर तू रडला असतास आणि मला तुझी समजूत काढावी लागली असती. म्हणून आपलं 'बरं आहे' म्हणते.

आणि आता जिवाच्या आशेनं सोसलं तर तुम्ही सगळे सोसलं म्हणून रागावता. शेकही गेला, वर ही बोलणी. मला खरंच कळेनासं झालंय. फोड सुकला आणि पुन्हा टेबलावर घेतलं, तर सांगून कमी करून घेऊ, की गप्प बसून पुरतं घेऊ? तू हो नाहीतर नाही म्हणणारा माणूस आहेस. सांग.

उत्तराची वाट बघते. हे वाक्य मी सहसा लिहीत नाही.

तुझी,
अक्का

२५ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

वाफेची गळती ओळखतो म्हणून मिरवणारा मी, आणि हे मला ऐकू आलं नाही. मला वाटलं तुझ्या त्या शब्दातून दुखणं गळतंय. तू सोसतेस एवढंच मी आजवर धरून चाललो. तुला काही हवंही असेल, हे डोक्यातच आलं नाही. तुझं पत्र बॉयलरमागे उभं राहून वाचलं. तिथे डोळे पुसले तरी वाफेवर ढकलता येतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं. म्हणून पुन्हा फोन लावला. लाज गिळून लावला, कारण बाईंनी त्यांचं नाव वाचलंय. त्या उचलताच म्हणाल्या, बोला, कदाचितबाई बोलतेय. मी मेल्याहून मेलो. पण नंतर त्या मुद्द्यावर आल्या.

मी विचारलं, चटका जास्त म्हणजे गुण जास्त का? अक्का, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्या कदाचित म्हणाल्या नाहीत. नाही म्हणाल्या. बेतानं ऊब असली तर गाठीकडे जाणाऱ्या रक्ताच्या वाटा उघडतात आणि राखणदार आत शिरतात. फार तापलं की त्या बारीक वाटा बंद पडतात, आणि आत शिरलेले राखणदारही गाठीबरोबर होरपळतात. म्हणजे भाजतं तिथे तुला जास्त औषध मिळत नव्हतं. तू आपल्याच पहारेकऱ्यांना आत कोंडून चुलीवर ठेवत होतीस. आणि तू सांगितलंस म्हणून पाणक्या शेक बंद करत नाही. पिशवी सरकवतो, तेवढ्या जागेपुरता उतरवतो, बाकीचा चालूच राहतो. तू न सांगितल्यामुळेच तो बंद झाला.

मग मी म्हटलं, म्हणजे राखणदार जागे होऊन गाठी जातील ना? पुन्हा कदाचित. तिथे बाई हटत नाहीत. मी आधी चिडलो. फोन ठेवल्यावर मनात आलं, या सगळ्या प्रकारात मला खोटं न बोललेलं माणूस एवढं एकच आहे. तुझ्या 'बरं आहे'पेक्षा त्यांचं 'कदाचित' बरं.

तेव्हा माझं उत्तर घे. सांग. ओरड. पाणक्याचे कान किटव. तुझ्या जगण्याची हाव मला मान्य आहे, मी त्यात भागीदार आहे, पण ती तोंडानं कर.

नव्या प्रेसवर चादर टाकून ठेवलीय. पहिला शर्ट तू काढशील तेव्हाच उघडेन. इस्त्रीवाला कुरकुरतो, कुरकुरू दे.

तुझा ऐकू न येणारा,
धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोड सुकला. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिला आणि किरणांच्या शेवटच्या दिवसांतला एक शेक मिळेल म्हणाल्या. एकच. मला तीन हवे होते. मी तसं म्हणालेही. त्या म्हणाल्या, त्यांनाही हवे होते. यावर काय भांडणार?

काल टेबलावर चढले तेव्हा मशीन चालते का हीच धास्ती. चालली. पाणक्यानं पिशवी ठेवली आणि आज माझ्याकडे असा डोळे लावून बसला, जणू दूध उतू जाणार आहे. बराच वेळ नुसती ऊब होती. मग व्रणाच्या खालच्या टोकाला टोचायला लागलं. मला शब्द येईना, धाकट्या. उभ्या जन्मात जिभेला वळण नाही. एकदा म्हटलं, ते इतकं हळू की पाणक्यानं खोकला समजून पाणी विचारलं. मग पुन्हा म्हटलं, चटका बसतोय. मोठ्यांदा. दाराबाहेरची नर्स डोकावली.

पाणक्यानं पिशवी सरकवली, कसलंसं बटण उतरवलं, आता कसं विचारलं. मी म्हटलं, इथे थांबलं, वर आहे. त्यानं तेही केलं. मग मी सुटलेच. मान अवघडलीय तेही सांगितलं, पाय गार पडलेत तेही, आणि त्यांच्या बाहेरच्या खुर्च्या बसण्याच्या लायकीच्या नाहीत तेही. पाणक्या म्हणाला, एवढं सगळं तुम्ही कुठे ठेवलं होतं. तासभर पुरता झाला. कातडी लाल आहे, फोड नाही.

गाठींचं विचारलं. आताच काही सांगता येणार नाही, राखणदारांना काम करायला वेळ द्या, काही आठवड्यांनी तपासू म्हणाल्या. मी म्हटलं, मी माझं बोलले, आता तुम्ही कधी बोलणार? त्या हसल्या. मला हसू आलं नाही. हे वाट बघणं शेकाहून वाईट आहे, आणि हे कमी करायला कुठे बटण नाही. राग येतो, तो तुला कळवते. आता कळवायचं असंच ठरलंय ना.

राहिला चहा. नियम तू बंद केलास असं ठकी म्हणाली, पण मी घातला होता, मी मोडणार नाही. चटका म्हटलं, चहा माझ्याकडे लागला. शेकाच्या खोलीत खायला-प्यायला बंदी आहे, म्हणून रविवारी ठकीकडे करते. पाणक्याला आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलंय. पाणक्या येतो म्हणाला, बाई कदाचित म्हणाल्या. तू ये. कसा होईल ते सांगता येत नाही, मला इतक्यांचा करायची सवय नाही.

लिहिण्यासारखं आणखी पुष्कळ आहे, पण समोरासमोर बोलेन.

तुझी,
अक्का

४ एप्रिल

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र इस्त्रीवाल्याला वाचून दाखवलं. 'चटका बसतोय' तिथे त्यानं मला पुन्हा वाचायला लावलं.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतोय. मी पोचेपर्यंत आधण ठेवू नकोस. चहा वाईट झाला तर मी तोंडावर सांगेन, बरा आहे म्हणणार नाही. आता आपल्यात तसं चालत नाही.

एक शर्ट धुऊन, पण चुरगळलेलाच सोबत आणतोय. तो नव्या प्रेसवर काढायला तू परत इकडे घेऊन यायचंस.

भेटीपर्यंत,
तुझा धाकटा